एजंटांना कुठे बसवायचं?

2018 च्या विधानसभा निवडणुकीत ग्वाल्हेर दक्षिणचा निकाल 121 मतांनी लागला. काँग्रेसचे प्रवीण पाठक जिंकले, भाजपचे नारायणसिंह कुशवाह हरले. (2023 मध्ये कुशवाह परत निवडून आले, ती गोष्ट वेगळी.) ग्वाल्हेरातल्या आमच्या लष्कर नावाच्या वस्तीचा मोठा भाग याच मतदारसंघात येतो. 121 माणसं म्हणजे आमच्याकडच्या एखाद्या मुंजीला येतात तेवढी. एका मतदान केंद्रावर गर्दीच्या वेळी दीड-दोन तासांत एवढी मतं पडून जातात.

इतक्या थोडक्यात निकाल लागला की हरलेल्या बाजूला पहिला प्रश्न पडतो तो आपल्या एजंटांचा, म्हणजे उमेदवाराच्या वतीने मतदानाला आणि मोजणीला बसणाऱ्या माणसांचा. ते जागेवर होते का? होते तर त्यांनी काय पाहिलं, काय लिहून घेतलं? आणि सरकारी बाजूलाही तोच प्रश्न उलट्या बाजूने पडतो: आपण त्यांना नीट दाखवलं होतं का?

मी शाळेत शिकवत असताना निवडणुकीची ड्युटी पुष्कळदा केली. ती नेहमी दुसऱ्याच मतदारसंघात लागते, त्यामुळे ओळखीचं कुणी नसतं. निवृत्त झाल्यावर एकदा एका अपक्ष उमेदवारासाठी मोजणीच्या हॉलमध्ये जाळीच्या पलीकडच्या बाजूलाही बसले. प्रशिक्षणात एजंटांबद्दल बोलताना साहेबांचा सूर बहुधा 'यांना आवरा' असा असतो. दोन्हीकडून पाहून माझं मत वेगळं झालं आहे. एजंट हा त्या खोलीतला साक्षीदार आहे. साक्षीदाराला बसायला जागा, पाहायला मोकळी नजर आणि हातात कागद मिळाला की आवरण्याचं काम जवळजवळ उरत नाही.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवते. आमच्याकडे सरकारी हिंदी कागदावर 'अभिकर्ता' असतो, महाराष्ट्रातल्या कागदावर 'प्रतिनिधी' असतो आणि बोलताना सगळीकडे 'एजंट'च असतो. एजंट तीन तऱ्हेचे. उमेदवाराच्या वतीने सगळ्या निवडणुकीचं पाहणारा तो निवडणूक एजंट, एकच. मतदान केंद्रावर बसतो तो पोलिंग एजंट. मोजणीच्या टेबलापाशी बसतो तो काउंटिंग एजंट. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तिघांसाठी वेगवेगळी कलमं आहेत. थोडक्यात, एजंट हा उमेदवाराचा हक्क आहे. आपण त्याला आत घेऊन उपकार करत नसतो.

पोलिंग एजंट येताना दहा नंबरचा फॉर्म घेऊन येतो. त्यावर उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक एजंटाची सही असते. त्या सह्यांचे नमुने रिटर्निंग अधिकारी, म्हणजे मतदारसंघाच्या निवडणुकीचे प्रमुख, आधीच केंद्राच्या सामानात देतात, तेव्हा फॉर्म हातात आला की आधी सही ताडून पाहायची आणि मग एजंटाला समोर बसवून प्रतिज्ञेवर त्याची सही घ्यायची. एका उमेदवाराचे एका केंद्रासाठी एक एजंट आणि दोन बदली एजंट असू शकतात, पण खोलीत एका वेळी एकच. मंत्री, खासदार, आमदार, महापौर यांना एजंट होता येत नाही, कारण त्यांच्यामागून सुरक्षारक्षक आत येणार. सरकारी नोकराने एजंट होणं तर गुन्हाच आहे. नगरसेवक किंवा सरपंच मात्र चालतो.

आता सकाळ. मतदान सातला सुरू होणार असेल तर मॉक पोल साडेपाचला, म्हणजे दीड तास आधी. नोव्हेंबरात ग्वाल्हेरला साडेपाचला काय थंडी असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. एजंट मफलर गुंडाळून, अर्धवट झोपेत येतात, काही येतच नाहीत. नियम असा की निदान दोन उमेदवारांचे एजंट हजर हवेत. नसतील तर पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग तशी नोंद करून पुढे जायचं. माझा सल्ला असा की आदल्या संध्याकाळी केंद्रावर पोचल्यावर जे कार्यकर्ते भोवताली घुटमळत असतात, त्यांनाच बजावून ठेवायचं, 'उद्या सव्वापाचला या, नंतर आलात तर मशीन रिकामं होतं की नव्हतं हे विचारू नका.' येतात.

मॉक पोल म्हणजे खोटं मतदान. कमीत कमी 50 मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटालाही ('यांपैकी कुणीही नाही'). कुणाला किती टाकली ते एजंटांसमोर लिहून ठेवायचं. मग कंट्रोल युनिटचा (मतं साठवणाऱ्या यंत्राचा) निकाल काढायचा, व्हीव्हीपॅटच्या (मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या) पेटीतल्या चिठ्ठ्या मोजायच्या आणि दोन्ही हिशेब लिहिलेल्या आकड्यांशी जुळवायचे. बटणं याच क्रमाने: क्लोज, रिझल्ट आणि हिशेब जुळला की क्लिअर. क्लिअर विसरलं तर ती पन्नास मतं खऱ्या मतांत मिसळून राहतात आणि ते उघडकीला येतं थेट मोजणीच्या दिवशी. एवढ्या लहानशा विसरण्यामुळे आख्खं युनिट बाजूला ठेवावं लागतं. म्हणून क्लिअर केल्यावर मी प्रत्येक एजंटाला डिस्प्लेवरचा शून्य मोठ्याने वाचायला लावत असे. पोरकटपणा वाटायचा त्यांना, पण दिवसभर कुणी 'मशीन आधीच भरलेलं होतं' म्हणाला नाही, कारण शून्य त्याच्याच तोंडून निघालेलं होतं.

मॉक पोलच्या चिठ्ठ्यांवर मागच्या बाजूला शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात बंद करतात. ते पाकीट प्लास्टिकच्या डबीत ठेवतात आणि डबीला गुलाबी पेपर सील लागतं. कंट्रोल युनिटच्या रिझल्टच्या भागावर हिरवं पेपर सील लागतं, त्याला छापील नंबर असतो आणि त्यावर पीठासीन अधिकाऱ्याबरोबर, म्हणजे केंद्राच्या प्रमुखाबरोबर, एजंटही सही करतात. इथे घाई करू नये. सहीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे एजंटाने सीलचा आणि युनिटचा नंबर आपल्या वहीत उतरवून घेणं. मोजणीच्या दिवशी त्याच्या पक्षाचा दुसराच माणूस त्या वहीवरून सील ताडणार असतो. अनुभवी एजंट स्वतःहून मागतो. नवख्याला आपण सांगावं. त्यात आपलंच भलं आहे.

खरी कसोटी खोलीची. सरकारी शाळेचा वर्ग केवढा असतो? त्यात तीन मतदान अधिकाऱ्यांची टेबलं, पीठासीन अधिकाऱ्याचं टेबल, मतदानाचा आडोसा, येण्याचा-जाण्याचा रस्ता आणि वर एजंट. बारा उमेदवार असले तरी एजंट बहुधा चार-पाचच येतात, हे नशीब. त्यांना कुठे बसवायचं याचं उत्तर निवडणूक आयोगाच्या पुस्तिकेत आहे: शक्यतो मतदान अधिकाऱ्यांच्या मागे, दाराच्या रचनेमुळे जमत नसेल तर त्यांच्या समोर. एजंटाला आत येणाऱ्या मतदाराचा चेहरा दिसला पाहिजे, पहिला अधिकारी ओळख पटवतो ते दिसलं पाहिजे, कंट्रोल युनिटवर काय चाललंय ते दिसलं पाहिजे. आणि आडोशाच्या आतलं काहीही दिसता कामा नये. ही शेवटची अट सगळ्यात कडक. मी आदल्या रात्रीच स्वतः एकेका खुर्चीवर बसून पाहत असे. खिडकीची काच, फळ्याशेजारची तसबीर, कशातही प्रतिबिंब पडू शकतं.

कोण कुणाच्या शेजारी बसणार यावरूनही वाद होतात, म्हणून त्याचाही क्रम ठरलेला आहे. आधी राष्ट्रीय पक्ष, मग राज्यातले मान्यताप्राप्त पक्ष, मग दुसऱ्या राज्यातले मान्यताप्राप्त पण इथे स्वतःचं चिन्ह वापरायची परवानगी मिळालेले, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेले पक्ष, शेवटी अपक्ष. 'मॅडम, तुम्ही त्यांना पुढे बसवलंत' असं कुणी म्हटलं की हा क्रम सांगायचा. तो आपण ठरवलेला नाही, यातच त्याची सोय आहे.

एकदा बसले की फिरायचं नाही. टोपी, उपरणं, बिल्ला, ज्यावर चिन्ह आहे ते काहीही चालणार नाही. मोबाईल आत नाही. बदली एजंट आला की पहिल्याने उठायचं आणि आल्या-गेल्याची वेळ कागदावर नोंदवायची. जाताना मतदार यादीची खुणा केलेली प्रत बाहेर न्यायची नाही, ही गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून पाहावी लागते. त्या प्रतीवर कोण येऊन गेलं आणि कोण अजून आलं नाही हे सगळं असतं. ती दुपारी तीनला बाहेर गेली की पाच मिनिटांत कुणाच्या दारात रिक्षा उभी करायची ते ठरतं.

आणि नाश्ता! आपल्याकडचा हा नाजूक प्रश्न. सकाळी नऊच्या सुमाराला कुणीतरी बेडई-कचोरीचं पुडकं घेऊन दाराशी उभा राहतो, 'मॅडम, सगळ्यांसाठी आणलंय.' मराठी घरात वाढलेल्या माणसाला दारात आलेल्याला नाही म्हणणं फार जड जातं. तरी म्हणायचं. एका पक्षाची कचोरी खाल्ली की दुसऱ्या पक्षाच्या एजंटाच्या नजरेत आपण दिवसभरासाठी त्यांचे झालो. मी घरून दशम्या नेत असे.

दिवसभराच्या वादांपैकी बरेचसे ओळखीवरून होतात. पहिला अधिकारी मतदाराचा यादीतला क्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो, ते एजंटांच्या कानांवर पडावं म्हणूनच. एखाद्या एजंटाला वाटलं की हा माणूस तो नव्हेच, तर त्याला आक्षेप घेता येतो. त्याची फी दोन रुपये, रोख, दर आक्षेपाला. दोन रुपये ऐकून हसू येतं खरं, पण रक्कम मोजून हातात द्यावी लागते, पावती फाडली जाते, त्यामुळे निम्मा आवेश तिथेच ओसरतो. पीठासीन अधिकारी तिथल्या तिथे चौकशी करतो. आक्षेप घेणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो. खरा ठरला तर मत देता येत नाही आणि पुढे पोलीस. खोटा ठरला तर मत होतं, आणि तो उगाच त्रास द्यायला घेतला होता असं दिसलं तर दोन रुपये जप्त.

एकदा एका एजंटाने सलग पाच बायकांवर आक्षेप घ्यायचं म्हटलं, पदर चेहऱ्यावर आहे म्हणून. मी त्याला म्हटलं, 'भाऊ, दहा रुपये काढा आणि पाचही नावं लिहून द्या.' त्याने खिसा चाचपला आणि बसून राहिला. ओळख पटवायला आमच्याकडे महिला मतदान अधिकारी होतीच, तिने एका बाजूला नेऊन पाचहीजणींचे चेहरे पाहिले आणि ओळखपत्रांशी ताडले.

गैरहजर, स्थलांतरित आणि मृत मतदारांची वेगळी यादी आपल्याला मिळते, तिची प्रत एजंटांपाशीही असते. त्यातलं कुणी आलं तर दोघांनी मिळून जास्त बारकाईने पाहायचं. आणखी एक छोटी पण कामाची गोष्ट. आडोशात काही अडलं, म्हाताऱ्या मतदाराला काही कळेना, म्हणून पीठासीन अधिकाऱ्याला आत जावं लागलं, तर एजंटांना बरोबर यायचं असल्यास येऊ द्यावं. एकट्याने आत जाऊन दोन मिनिटांनी बाहेर येणारा अधिकारी कितीही प्रामाणिक असला तरी संशयाला जागा ठेवून येतो.

रांगेचा प्रश्न संध्याकाळी पेटतो. मतदानाची वेळ संपताना जे रांगेत उभे आहेत त्या सगळ्यांना मत देता येतं, त्यानंतर आलेल्यांना नाही. यासाठी पीठासीन अधिकारी स्वतःच्या सहीच्या चिठ्ठ्या वाटतो, पण शेवटून. शेवटच्या माणसाला एक नंबर, मग पुढे सरकत दाराकडे. पुढून वाटत गेलं तर शेपटाला माणसं जोडली जातात, हे सांगायला गणिताची बाई लागत नाही. चिठ्ठ्या वाटताना निदान दोन पक्षांच्या एजंटांना दारातून पाहू द्यावं. रांगेवरून उठणारं भांडण हे दिवसातलं सगळ्यात मोठं भांडण असतं. आयोगाने आता एका केंद्रावर 1500 ऐवजी जास्तीत जास्त 1200 मतदार ठेवायचं ठरवलं आहे. रांगेत उभं राहून ज्यांचे पाय दुखले आहेत त्यांना हा फरक कळेल.

शेवटचं मत पडलं, क्लोजचं बटण दाबलं, की सगळ्या दिवसाचं सार एका कागदावर येतं: फॉर्म 17-सी, भाग पहिला. किती मतदार, रजिस्टरमध्ये किती नोंदी, मशीनमध्ये एकूण किती मतं, कुठल्या नंबरचं सील. यात कुणाला किती मतं पडली हे नसतं, फक्त एकूण. याची सही केलेली प्रत हजर असलेल्या प्रत्येक एजंटाला द्यायची आणि मिळाल्याची सही घ्यायची, हे नियमानेच बंधनकारक आहे. रात्री सात-साडेसातला सगळ्यांना घरी जायची घाई असते. एजंट म्हणतो, 'राहू द्या मॅडम, आमच्या साहेबांनी आकडा फोनवर घेतलाय.' अशा वेळी मी त्याला थांबवून कागद देत असे. फोनवरचा आकडा मोजणीच्या हॉलमध्ये कामाचा नसतो.

मधल्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मशीनं स्ट्राँगरूममध्ये, कुलपं, बाहेर पहारा, आणि उमेदवारांची माणसं मांडव घालून कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत पाळीपाळीने रात्र काढतात. तिथे पत्ते खेळण्याशिवाय काही घडत नाही, आणि तसंच असायला हवं.

मोजणी आमच्या जिल्ह्यात एमएलबी कॉलेजात होते. काउंटिंग एजंटांची नावं फोटोसकट, अठरा नंबरच्या फॉर्मवर, मोजणीच्या तीन दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत द्यावी लागतात, म्हणजे ओळखपत्रं तयार होतात. साधारणपणे एका विधानसभेच्या हॉलमध्ये चौदा टेबलं असतात आणि रिटर्निंग अधिकाऱ्याचं एक वेगळं. म्हणजे प्रत्येक उमेदवाराचे पंधरा एजंट. समजा मतदारसंघात 250 केंद्रं आहेत, तर चौदाने भागून अठरा फेऱ्या. एक फेरी पूर्ण झाल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही. आपल्या टेबलापाशी बसायचं, हॉलमध्ये हिंडायचं नाही, मोबाईल बाहेर जमा. आत न्यायचं ते पेन, कोरा कागद आणि 17-सीच्या प्रती.

टेबल आणि एजंट यांच्यामध्ये जाळी असते. त्या दिवशी मी अपक्षाची एजंट, म्हणून क्रमाने सगळ्यात शेवटच्या खुर्चीवर. पहिल्या फेरीत पर्यवेक्षकाने युनिट उचललं, सील दाखवलं, बटण दाबलं आणि डिस्प्ले पुढच्या दोघांकडे वळवला. मला दिसला फक्त युनिटचा मागचा भाग. मी म्हटलं, 'सर, इकडेही.' ते म्हणाले, 'मॅडम, तुमच्या उमेदवाराला बारा मतं आहेत.' बारा तर बारा! माझ्या शेजारच्या लहान पक्षाच्या मुलाचाही आवाज चढला, मागून कुणीतरी जाळी हलवली. मग टेबलावर लक्ष ठेवायला नेमलेल्या मायक्रो ऑब्झर्व्हर बाई उठल्या आणि त्यांनी युनिट डावीकडून उजवीकडे सगळ्यांपुढून सावकाश फिरवायला लावलं. जास्तीचे वीस-पंचवीस सेकंद लागले असतील. पुढच्या कुठल्याच फेरीत आमच्या टेबलावर आवाज झाला नाही.

मोजताना आधी मशीनमधली एकूण मतं 17-सीशी जुळतात का ते पाहायचं, मग उमेदवारनिहाय आकडे. पर्यवेक्षक ते 17-सीच्या दुसऱ्या भागात लिहितो, एजंट सही करतात. जुळलं नाही, किंवा मॉक पोल क्लिअर झालाच नव्हता असं निघालं, तर ते युनिट बाजूला ठेवतात. जिंकणाऱ्याची आघाडी बाजूला ठेवलेल्या मतांपेक्षा जास्त असेल तर ती मतं न मोजताही निकाल लागू शकतो. आघाडी कमी असेल तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात. 121 सारख्या निकालात असं एकच युनिट सगळं फिरवू शकतं. इंदूरला 2024 च्या लोकसभेत शंकर लालवानी सगळ्यात जवळच्या उमेदवारापेक्षा 11,75,092 मतांनी पुढे राहून जिंकले, आणि मतांत दुसऱ्या नंबरवर तर नोटा होता. तिथे एजंटाला डुलकी लागली असती तरी चाललं असतं.

याशिवाय दर विधानसभा क्षेत्रातली पाच व्हीव्हीपॅटं चिठ्ठ्या काढून मोजतात. 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एकाची पाच झाली. पाचही चिठ्ठीने, सगळ्यांसमोर निवडतात.

पक्ष सर्वांत कच्चा माणूस कुठे पाठवतात माहीत आहे? रिटर्निंग अधिकाऱ्याच्या टेबलावर, कारण तिथे 'फक्त टपाली मतं' असतात. मशीनची मजा चौदा टेबलांवर. मुंबई उत्तर-पश्चिमचा 2024 चा निकाल आठवा. मशीनच्या मतांत अमोल कीर्तिकर 4,51,095 आणि रवींद्र वायकर 4,51,094, म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे. टपाली मतांत वायकरांना 1,550 आणि कीर्तिकरांना 1,501. वायकर 48 मतांनी खासदार झाले. टपाली मतपत्रिका बाद होते ती बहुधा प्रतिज्ञापत्र जोडलेलं नाही किंवा त्यावर साक्षांकन नाही अशा कारणांनी, आणि प्रत्येक पाकिटापाशी हो किंवा नाही म्हणणारा माणूस तिथे जागा असावा लागतो. आघाडी बाद झालेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती सगळी बाद मतं पुन्हा तपासावी लागतात, असा आयोगाचा नियम आहे. म्हणून तुमचा सगळ्यात चिकट, सगळ्यात कंटाळवाणा कार्यकर्ता त्या टेबलावर पाठवा. आमच्या ओळखीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, ते असल्या कामाला सोन्यासारखे.

सगळ्या फेऱ्या संपल्या की रिटर्निंग अधिकारी एकूण आकडे जाहीर करतात आणि थोडा वेळ थांबतात. फेरमोजणी मागायची ती याच वेळात, लेखी आणि कारण देऊन. 'आम्हाला संशय आहे' हे कारण होत नाही. 'अमुक केंद्राच्या युनिटमध्ये एकूण इतकी, आमच्या 17-सीत तितकी' हे कारण होतं. एकदा निकालाच्या घोषणेवर सही झाली की हॉलमध्ये काहीही मागता येत नाही. त्यानंतर रस्ता उच्च न्यायालयाचा, निवडणूक याचिका, निकालापासून 45 दिवसांच्या आत. ग्वाल्हेरकरांना त्यासाठी जबलपूरला जावं लागत नाही, खंडपीठ इथेच आहे. पण याचिकेला आधार लागतो तो त्याच कागदांचा. तेव्हा मतदानाच्या रात्री मिळालेली 17-सीची प्रत निदान ते 45 दिवस तरी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जाऊ देऊ नका.